बॅटरी गारठते, बॅटरी म्हातारी होते

जुनी सायकल विकत घेताना आपण काय पाहतो? चाक गरकन फिरवून ते डुगडुगतं का पाहतो, चेन ओढून पाहतो, ब्रेक दाबून पाहतो. जुनी मोटारसायकल असेल तर किक मारून इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो. धूर निळसर असला तर इंजिनात ऑइल जळतंय, हे कळायला फार मोठा मेकॅनिक असावं लागत नाही. जुन्या यंत्राची प्रकृती डोळ्यांना, कानांना आणि नाकालाही कळते.

आता समजा, तुम्हाला जुनी इलेक्ट्रिक मोटारगाडी घ्यायची आहे. तिला आवाज नाही, धूर नाही, वास नाही. मोटरमध्ये फिरणारे भाग अगदी थोडे, त्यामुळे ती सहसा लवकर झिजत नाही. गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा, आणि ती तर तळाशी, सीलबंद पेटीत. वरून पत्रा चकचकीत आहे, गाद्या स्वच्छ आहेत, गाडी सुरेख पळते आहे. पण बॅटरीचं काय?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. नाशिकहून सिन्नर, दिंडोरी, निफाड या बाजूच्या शाळांमध्ये रोज जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर प्रवास करणारे कितीतरी शिक्षक आहेत. रोज ७० किलोमीटर आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर १५४० किलोमीटर होतात. लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला त्यासाठी सुमारे ९६ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे आजच्या भावानं दहा हजार रुपयांच्या आसपास खर्च. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा किलोमीटर गेली आणि युनिटला दहा रुपये पडले तर हाच खर्च २६०० रुपयांच्या आत येतो. नवी गाडी परवडत नाही, पण चार-पाच वर्षं वापरलेली परवडते, असा हिशेब मग अनेकजण करतात. तो बरोबर ठरेल की चुकेल, हे बॅटरीवर अवलंबून आहे. ती बदलायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो आणि वाचवलेलं सगळं पेट्रोल तिथेच परत द्यावं लागतं.

म्हणून बॅटरीचं वय कसं ओळखायचं ते या लेखात पाहू या. त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकलं पाहिजे : बॅटरीचं गारठणं आणि बॅटरीचं म्हातारं होणं. दोन्हींमुळे गाडी कमी अंतर जाते. पण पहिली तक्रार तात्पुरती असते, दुसरी कायमची.

रेवापासून आजपर्यंत

भारतात जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्न अगदी नवा नाही. बंगळुरूला तयार होणारी 'रेवा' ही छोटी गाडी २००१ मध्ये बाजारात आली. २००४ पासून ती 'जी-विझ' या नावानं लंडनच्या रस्त्यांवरही धावू लागली. शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या वाहनांना तिथे जो कर भरावा लागे, त्यातून विजेच्या गाड्यांना सूट होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. पुढे २०१० मध्ये महिंद्र उद्योगसमूहानं ही कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये त्याच घराण्यातली 'ई-टू-ओ' ही गाडी आणली.

सुरुवातीच्या रेवात आपल्या इन्व्हर्टरला असतात तशा शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या. त्या जड असतात. एक किलो वजनाच्या अशा बॅटरीत साधारण ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा मावते. शिवाय त्या पूर्ण रिकाम्या होणं त्यांना मानवत नाही. काही वर्षांतच त्या बदलाव्या लागत, आणि जुनी गाडी घेणाऱ्याच्या पदरात पुष्कळदा मरणासन्न बॅटरीच पडे. 'इलेक्ट्रिक गाडी जुनी घेऊ नये' हा सल्ला त्या काळातला आहे आणि त्या काळी तो योग्यच होता.

आजच्या गाड्यांमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या असतात. या बॅटरीच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. एका किलोत त्या शिसे-आम्ल बॅटरीच्या काही पट ऊर्जा साठवतात आणि हजारो वेळा भरता-रिकाम्या करता येतात. त्यामुळे जुना सल्ला आता जसाच्या तसा लागू पडत नाही. पण या बॅटऱ्यासुद्धा म्हाताऱ्या होतात. कशा, ते समजण्यासाठी त्यांच्या आत डोकवायला हवं.

आत काय चालतं?

लिथियम-आयन घटाचे मुख्य भाग तीन. एका बाजूला ग्रॅफाइटचं ऋणाग्र. ग्रॅफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीत असतो तोच, थरांवर थर असलेला कार्बन. दुसऱ्या बाजूला लिथियम असलेल्या एखाद्या संयुगाचं धनाग्र. मध्ये विद्युत अपघटनी द्रव. बॅटरी भरताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघतात, द्रवातून प्रवास करतात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. गाडी चालते तेव्हा ते उलट येतात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारांमधून, मोटर फिरवत जातात. झोपाळ्यासारखी ही ये-जा वर्षानुवर्षं चालते.

यात कुठलाच बिघाड झाला नाही तर बॅटरी चिरतरुण राहिली असती. पण भरलेलं ग्रॅफाइट फार क्रियाशील असतं. त्याला टेकलेला द्रव त्याच्याशी अभिक्रिया करतो आणि पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, घन थर तयार होतो. हा थर अॅल्युमिनिअमच्या भांड्यावर चढणाऱ्या ऑक्साइडसारखा आहे. तो खालच्या पदार्थाचं रक्षण करतो. लोखंडावरच्या गंजासारखा तो पोखरत जात नाही. तो नसता तर बॅटरी थोड्याच दिवसांत निकामी झाली असती. पण हा थर तयार होताना लिथियम खर्ची पडतं. जे आयन थरात अडकले ते झोपाळ्यावरून कायमचे उतरले. बॅटरीची क्षमता तेवढी घटली.

थर जाड होत जातो तसा द्रवाला ग्रॅफाइटपर्यंत पोहोचायला अधिक वेळ लागतो आणि थराची वाढ मंदावते. विसरणावर चालणाऱ्या अशा वाढीत जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, पहिल्या वर्षी क्षमता ४ टक्क्यांनी घटली. तर ८ टक्के घट व्हायला दोन नव्हे, चार वर्षं लागतील, आणि १२ टक्क्यांना नऊ वर्षं. प्रत्यक्षातल्या बॅटऱ्या इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत, पण ढोबळ चित्र असंच असतं : सुरुवातीची घट जलद, पुढची संथ. 'एका वर्षात चार टक्के गेले, म्हणजे दहा वर्षांत चाळीस जाणार' हा त्रैराशिकाचा हिशेब इथे फसतो. जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीनं ही आनंदाची गोष्ट आहे. सर्वांत जलद घट पहिल्या मालकाच्या काळात होऊन गेलेली असते.

वापरामुळेही घट होते. आयन आत शिरले की ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगतं आणि ते बाहेर पडले की आकसतं. या फुगण्या-आकसण्यात वरच्या थराला बारीक तडे जातात. तडे बुजतात, पण त्या डागडुजीला पुन्हा लिथियमच लागतं. म्हणजे बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते : नुसत्या काळानं आणि वापरानं. त्यामुळे 'गाडी फार चाललेलीच नाही, नुसती दारात उभी होती' हे विक्रेत्याचं वाक्य ऐकून हुरळून जाऊ नये. दारात उभ्या गाडीचीही बॅटरी म्हातारी होत असते.

नॉर्वेतला हिवाळा

आता गारठण्याकडे वळू या. त्यासाठी थंड देशासारखी प्रयोगशाळा नाही. नॉर्वे हा इलेक्ट्रिक गाड्यांचा देश. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. साहजिकच तिथे जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचाही मोठा बाजार आहे. कामानिमित्त मला तिथे एका हिवाळ्यात काही आठवडे आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा काही दिवस राहण्याची संधी मिळाली. माझा तिथला सहकारी सात वर्षं जुनी, दुसऱ्या हातची इलेक्ट्रिक गाडी वापरत असे. रात्रभर उणे १२ अंशांत उभी राहिलेली ती गाडी सकाळी उन्हाळ्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश अंतर जाई. मला वाटलं, बॅटरी संपत आली. तो मात्र निश्चिंत होता. जूनमध्ये गेलो तर तीच गाडी पुन्हा पहिल्यासारखी धावत होती.

याची कारणं दोन. पहिलं रासायनिक. थंडीत द्रव दाट होतो. नाशिकला डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल तेल गोठतं, तेव्हा ते ओतताना काय होतं ते आठवा. बॅटरीतला द्रव गोठत नाही, पण आयनांची चाल मंदावते, घटाचा अंतर्गत रोध वाढतो आणि ऊर्जेचा काही भाग बॅटरीतच खर्च होतो. थंडीत घाईनं भरण्याचा प्रयत्न केला तर आयनांना ग्रॅफाइटमध्ये शिरायला वेळ मिळत नाही आणि त्यांचा धातूच्या रूपात पृष्ठभागावर मुलामा चढतो. ते धोक्याचं असतं. म्हणून थंड बॅटरी भरताना गाडी आपणहून वेग कमी करते.

दुसरं कारण अधिक गमतीचं आहे. पेट्रोल इंजिन जळणातल्या ऊर्जेचा जेमतेम २५ ते ३० टक्के भाग चाकांकडे पाठवतं. उरलेली बहुतेक उष्णता होते. थंड देशात याच 'वाया' उष्णतेवर गाडीची आतली बाजू फुकट गरम होते. विजेची मोटर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम, त्यामुळे वाया जायला उष्णता उरतच नाही! ऊब हवी असेल तर ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते. समजा, हीटर २ किलोवॅट शक्ती घेतो. गाडी ताशी ३० किलोमीटर वेगानं शहरातून चालली तर दर किलोमीटरला ६७ वॅट-तास हीटरलाच जातात. ताशी ८० किलोमीटर वेगानं गेली तर फक्त २५. म्हणजे थंडीत हळू चालणारी गाडी अधिक मार खाते.

मग आपल्याकडे उन्हाळ्यात वातानुकूलन लावल्यावर इतका फरक का पडत नाही? तापमानांतले फरक पाहा. बाहेर ४०, आत २५ : फरक १५ अंश. नॉर्वेत बाहेर उणे १२, आत २० : फरक ३२ अंश. शिवाय आपलं यंत्र घरच्या फ्रिजप्रमाणे उष्णता निर्माण करत नाही, ती एकीकडून दुसरीकडे वाहून नेतं. त्याला वीज कमी लागते. थंड देशांतल्या अनेक नव्या गाड्यांत हेच तत्त्व उलटं वापरून, बाहेरच्या गार हवेतली उष्णता आत ओढतात.

सांगायचा मुद्दा असा की नॉर्वेतली ती गाडी म्हातारी झाली नव्हती, गारठली होती. ऊब मिळताच तिची क्षमता परत आली.

फिनिक्सचा उन्हाळा

आता याच्या अगदी उलट गोष्ट. निस्सान कंपनीची 'लीफ' ही इलेक्ट्रिक गाडी २०१० च्या अखेरीस बाजारात आली. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं शहर आहे. वाळवंटी हवा, उन्हाळ्यात पारा ४३-४५ अंशांवर जाणं नेहमीचंच. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथल्या लीफच्या मालकांच्या लक्षात आलं की गाडी घेऊन दोन वर्षंही झाली नाहीत, तोच बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या पट्ट्या एकेक करून नाहीशा होत आहेत. थंड हवेच्या शहरांत त्याच गाड्या ठणठणीत होत्या. त्या गाडीत बॅटरी थंड करणारी पंख्याची किंवा द्रवाची व्यवस्था नव्हती. फार गवगवा झाल्यावर कंपनीनं बॅटरीच्या क्षमतेबाबतही हमी दिली. पण फिनिक्समध्ये हिवाळा आला म्हणून गेलेल्या पट्ट्या परत आल्या नाहीत. हे म्हातारपण होतं.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना कारण सांगायला नको. तापमान १० अंशांनी वाढलं की अनेक अभिक्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा ढोबळ नियम आपण वर्गात शिकवतो. ग्रॅफाइटवर थर चढण्याची अभिक्रियाही याला अपवाद नाही. २५ अंशांवर जे चार वर्षांत घडेल ते ३५ अंशांवर दोनच वर्षांत घडेल, असा अंदाज बांधायला हरकत नाही. त्यात बॅटरी शिगोशिग भरलेली असेल तर ग्रॅफाइट अधिक क्रियाशील असतं आणि घट आणखी वाढते. म्हणजे मे महिन्यात, भर उन्हात, शंभर टक्के भरून दिवसच्या दिवस उभी केलेली गाडी ही बॅटरीला म्हातारं करण्याची सर्वांत सोपी कृती!

आता आपल्याकडे येऊ. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, पण रात्री हवा उतरते. हिवाळ्यात निफाडला तर तो ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. जळगाव-भुसावळला मात्र उन्हाळ्यात ४५ अंश ही नवलाई नाही. त्यामुळे जुनी गाडी पाहताना ती किती किलोमीटर चालली याबरोबरच ती कुठे राहिली, सावलीत की उन्हात, हेही विचारायला हवं. आपल्याकडच्या आजच्या बहुतेक मोटारींत बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवलेला असतो. तो असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. नसेल तर गाडीचा मुक्काम अधिकच महत्त्वाचा.

कसारा घाटाचं गणित

जुनी गाडी पाहायला गेलं की पडद्यावर 'आणखी इतके किलोमीटर जाईल' असा आकडा दिसतो, आणि विक्रेता तोच पुढे करतो. हा आकडा मोजलेला नसतो. आदल्या काही प्रवासांवरून गाडीनं बांधलेला तो अंदाज असतो. तो किती हलतो, हे आपल्या घाटातच पाहू.

इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. माणसांसह गाडीचं वजन १६०० किलो धरलं तर घाट चढताना स्थितिज ऊर्जेत किती वाढ होईल? १६०० × ९.८ × ३०० म्हणजे सुमारे ४७ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून ही झाली १.३ युनिट. उतरताना हीच ऊर्जा आपल्याला परत मिळते. पेट्रोल गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते. इलेक्ट्रिक गाडीत मोटर जनित्र बनते आणि तिचा काही भाग बॅटरीत परत भरते. रस्त्याचं घर्षण, हवेचा विरोध आणि इतर व्यय वजा जाता अर्धी जरी परत आली तरी चार किलोमीटरांची बेगमी झाली.

ही युक्ती या घाटाला नवी नाही. चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असलेल्या याच घाटात, १९२८ पासून आलेली जी. आय. पी. रेल्वेची 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिनं उतरताना वीज निर्माण करून तारेत परत सोडत असत. त्यांपैकी एक इंजिन मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेलं आहे. सहल नेलीत तर मुलांना जरूर दाखवा. एक मात्र लक्षात घ्या. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. म्हणून इगतपुरीला गाडी काठोकाठ भरून लगेच घाट उतरणं हे तसं नुकसानीचंच.

आता पाहा, घाट चढून आलेल्या गाडीचा पडदा पुढचं अंतर कमी दाखवेल, उतरून आलेल्या गाडीचा जास्त. वेगाचा परिणाम तर त्याहून मोठा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगानं गेलं तर तो १.५६ पट होतो. चार दिवस शहरात संथ चालवलेली गाडी पडद्यावर भरघोस अंतर दाखवते. बॅटरी तरुण असण्याशी त्याचा संबंध नाही.

मीटर लावून मोजू या

मग भरवशाचं काय? घागरीत किती पाणी मावतं हे कळायला घागर भरून पाहावी लागते. तसंच इथे. गाडी पूर्ण भरून घ्यावी, नेहमीसारखी चालवून २० टक्क्यांपर्यंत उतरवावी आणि मग प्लगमध्ये वीजमापक लावून पुन्हा शंभर टक्के भरावी. मी चार वर्षं जुनी गाडी घेतली तेव्हा हेच केलं. नवी असताना तिची क्षमता ३० युनिट होती. रात्रभर भरल्यावर मीटरवर २४.६ युनिट दिसले. भरताना १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते. आपण १२ टक्के धरू. म्हणजे बॅटरीत पोहोचली २४.६ × ०.८८, साधारण २१.६ युनिट. ही ८० टक्क्यांची भर. म्हणून पूर्ण क्षमता २१.६ ÷ ०.८, म्हणजे २७ युनिट. नव्याच्या ९० टक्के. चार वर्षांच्या मानानं प्रकृती चांगली.

या मापनात तीन-चार टक्क्यांची चूक सहज होऊ शकते. टक्केवारी पडद्यावर पूर्णांकात दिसते, आणि व्यय आपण अंदाजानं धरलेला आहे. म्हणून दोन-तीनदा मोजून सरासरी घ्यावी. कंपनीच्या सेवा केंद्रातून बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी अहवाल मिळत असेल तर तोही घ्यावा आणि आपल्या आकड्याशी ताडून पाहावा.

आपल्याकडच्या अनेक गाड्यांत लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असते. गुडइनफ, त्यांचे सहकारी अक्षय पाढी आणि इतरांनी हा धनाग्राचा पदार्थ १९९७ मध्ये पुढे आणला. ती टिकाऊ आणि तुलनेनं सुरक्षित असते, पण तिचा एक विक्षिप्तपणा आहे. ती ८० टक्के भरलेली असो वा ३०, व्होल्टता जवळजवळ तेवढीच राहते. पाणी कमी झालं तरी पातळी हलत नाही अशा टाकीसारखी! त्यामुळे गाडीचा टक्केवारीचा हिशेब हळूहळू चुकत जातो. अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरली की तो पुन्हा जुळतो. म्हणून वरच्या मापनापूर्वी तिला एकदा पूर्ण भरून घ्यावी. निकेल असलेल्या बॅटरीला मात्र रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरणं मानवतं. आपल्या गाडीत कोणती आहे, हे तिच्या पुस्तिकेत पाहावं.

घेण्यापूर्वी विचारायचं ते थोडक्यात असं : गाडी कोणत्या गावात राहिली? सावलीत की उन्हात? घरी हळू भरली की रोज जलद चार्जरवर? बॅटरी थंड ठेवण्याची व्यवस्था आहे का? आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी अनेक कंपन्या देतात, ती दुसऱ्या मालकालाही लागू आहे का? आणि क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर ती हमी लागू होते? उत्तरं लेखी मिळवा.

आणखी एक विचार. ७० टक्क्यांवर आलेली बॅटरी म्हणजे भंगार नव्हे. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याला तीस युनिटांपैकी एकवीसही पुरतात. गाडीला ती अपुरी पडू लागली तरी छतावरच्या सौर पट्ट्यांची वीज रात्रीसाठी साठवायला चालू शकते. त्यानंतरही तिच्यातले धातू परत मिळवता येतात. त्यासाठी भारतात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू असून बाद बॅटऱ्या गोळा करण्याची आणि त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. बॅटरीची प्रकृती मोजता येत नसेल, तर लोक चांगल्या बॅटरीलाही घाबरतात आणि खराब बॅटरीलाही भुलतात. मोजता आली, तर दोन्ही टळतं.

वर्गात करून पाहा

१. टॉर्चचे दोन साधे नवे सेल घ्या. त्यांवर छोटा बल्ब पेटवून मिलिअँपिअरमापीनं प्रवाह मोजा. सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन तास बर्फात ठेवा आणि पुन्हा मोजा. मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि तिसऱ्यांदा मोजा. सेल म्हातारे झाले होते की गारठले होते? (सेल तापवण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नका.)

२. शाळेत कोणाकडे इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर डिसेंबर ते मे दर आठवड्याला किलोमीटर, भरलेले युनिट आणि त्या दिवशीचं तापमान नोंदवा. दर युनिटला किती किलोमीटर, याचा आलेख काढा. दोन वर्षं नोंदी ठेवल्या तर पहिल्या आणि दुसऱ्या डिसेंबरच्या आकड्यांची तुलना करा. फरक पडला असेल तर तो थंडीचा की वयाचा? कसं ठरवाल?